मॅनेजरनं औषध खाल्लं

शेणव्याचा धाकलू न विचारता उपाय सांगतो; विचारलं तर दोन सांगतो. गावातल्या जयरामच्या दुखऱ्या कंबरेला त्याने कोंबडीची चरबी चोळायला लावली. कंबर होती तशीच राहिली, पण गावची कुत्री आठवडाभर जयरामच्या मागे फिरत होती.

धाकलूच्या स्वतःच्या कुत्र्याचं नाव मॅनेजर. काम शून्य, दिवसभर ओटीवर पडून लोकांवर भुंकायचं, म्हणून मॅनेजर. लेक राही लग्न होऊन धसईला गेली, तेव्हापासून धाकलूचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा घरात तेवढाच एक उरला होता.

भाताच्या कणगीला उंदीर लागले, तेव्हा धाकलूने विषाच्या निळ्या वड्या आणल्या. उंदरांना मोह पडावा म्हणून डोकं चालवून वर सुकट चोळली. उंदरांनी ढुंकून पाहिलं नाही. मॅनेजरने मात्र सकाळी दहाला, धाकलूची बायको सकुबाई हिच्या डोळ्यांदेखत, दोन वड्या फस्त केल्या.

"मिठाचा पाणी पाजतो, भडाभडा वकल!" म्हणत धाकलूने तांब्या भरला आणि कुत्र्याला मांडीत दाबलं. बायकोचा त्याच्या उपायांवर भरवसा नव्हता. सकुबाईने शहापूरच्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंना, भाविकाबाईंना, फोन लावला.

"बाय, आमच्या मॅनेजरनं औषध खाल्लं!"

"कुठल्या बँकेचा मॅनेजर?"

"बँकेचा कुठला गो, कुत्रा!"

"अच्छा. औषध खाल्लं तर चांगलंच की. दिलं कोणी?"

"मीच ठेवला होता," धाकलू मागून ओरडला. "पण त्याच्यासाठी नाय, उंदरांसाठी!"

विषाला सगळा तालुका औषधच म्हणतो, बाई पुण्याकडच्या. आता मात्र फोन कडाडला. "काही पाजू नका! मीठ नाही, दूध नाही, तेल नाही. किती खाल्लं, कधी खाल्लं ते लक्षात ठेवा. विषाचं पाकीट घ्या आणि लगेच निघा!"

धाकलूने तांब्याकडे पाहिलं, मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर शेपटी हलवत होता. "ह्याला काय झालाय? धडधाकट हाय!"

"पाकीट कुठाय?" सकुबाईने विचारलं.

पाकीट उकिरड्यात होतं. गावाला अक्कल शिकवणारा माणूस कोपरापर्यंत शेणात हात घालून बसला, आणि अर्ध्या गावाने ते कुंपणावरून डोळे भरून पाहिलं. रिक्षात सकुबाई पुढे बसली. नाक धरून.

बाईंनी पाकीट वाचलं, सुई टोचली. मॅनेजरने सगळा निळा ऐवज धाकलूच्या लेंग्यावर ओकला.

"म्हंजे झाला ना बरा?"

"अजून नाही. हे विष चार दिवसांनी रंग दाखवतं, रक्त गोठूच देत नाही. चार आठवडे गोळ्या. एकही चुकवायची नाही."

धाकलूने एकही चुकवली नाही. गोळ्या संपल्यावर दोन दिवसांनी बाईंनी रक्त तपासलं. "गोठतंय व्यवस्थित. वाचला तुमचा मॅनेजर."

शहापूर ते शेणवा, धाकलू कुत्र्याला मांडीवर घेऊन अवाक्षर बोलला नाही. रिक्षावाला शप्पथ घेऊन सांगतो, पण गावात कोणी खरं मानत नाही.