उपग्रहाच्या जागी ठोकळा

त्या वर्षी मी थकलेलीच होते. कॉलेजच्या मूल्यांकनाची समिती नुकतीच येऊन गेली होती. तिच्यासाठी केलेल्या फायली अजून स्टाफरूमच्या टेबलावर पडल्या होत्या आणि विद्यापीठाचे पेपर तपासून माझी मान धरली होती. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. मुलं आजूबाजूच्या गावांतून एसटीनं येतात, आणि दरवर्षी आमच्या विभागातली गर्दी थोडी कमी होते.

अशात तिसऱ्या वर्षाची एक मुलगी मोबाईल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. जानेफळची, वडिलांचं तिथं खत-बियाण्यांचं दुकान. वर्गात ती फारशी बोलत नसे, पण प्रयोगशाळेला कुलूप लावताना तिला आधी बाहेर काढावं लागे.

"मॅडम, एक कंपनी नवीन रॉकेट बनवून राह्यली. कॉलेजच्या पोराइचे छोटे उपग्रह फुकट नेतो म्हणते. अर्ज मागवले."

"आणि आपण पाठवायचा?"

"काऊन, आपण काऊन नाही?"

कारणं पुष्कळ होती. आमचा ऑसिलोस्कोप चापट मारल्याशिवाय सुरू होत नव्हता, हेच एक पुरेसं होतं. पण नाही म्हटलं की समजावत बसावं लागलं असतं, आणि तेवढी ताकद नव्हती. हो म्हणणं सोपं गेलं.

उपग्रह नेमकं काय करणार, हा अर्जातला पहिलाच प्रश्न. तिचं उत्तर तयार होतं. तिचे मामा सोनाळ्याला राहतात. वर सातपुड्यात पाऊस पडतो, खाली गावात कोरडं असतं, आणि नाल्याला अचानक लोंढा येतो. डोंगरात मोबाईलची रेंज नाही. तिथं पर्जन्यमापक ठेवायचा आणि त्याचा आकडा डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहानं उचलून खाली आणायचा. एक उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जाणार, त्यानं पुराची सूचना वेळेत मिळणार नाही, हे तिलाही माहीत होतं. "पण सुरुवात तर होईन," ती म्हणाली. मी ते इंग्रजीत नीट मांडून दिलं. 'उपग्रह जोडायला धूळमुक्त स्वच्छ खोली आहे का' या प्रश्नापुढे आम्ही खरं तेच लिहिलं: भाषा प्रयोगशाळेतला एसीचा कोपरा प्लास्टिकनं बंद केला आहे.

आम्हाला घेतलं. प्राचार्यांनी आधी "मॅडम, रिझल्टकडे पाहा" असं सांगितलं होतं. आता ते स्वतः पेढे घेऊन विभागात आले.

पुढचं सगळं कष्टाचं. तिच्यासोबत वर्गातले दोन मुलगे होते. तळहातावर मावेल एवढा तो चौकोनी डबा, पण त्यानं आम्हा चौघांच्या सुट्ट्या खाल्ल्या. रॉकेटमध्ये बसणारे हादरे सोसतो का हे तपासायला तो संभाजीनगरला न्यायचा होता; तिथं गाड्यांचे सुटे भाग यंत्रावर हलवून पाहतात. मी आणि ती एसटीनं गेलो. डबा सबंध वाट माझ्या मांडीवर. पहिल्या वेळी आतली तार तुटली. तिनं सगळी जोडणी पुन्हा केली, आम्ही पुन्हा गेलो, आणि या वेळी यंत्र थांबल्यावरही आतला दिवा लुकलुकत राहिला. तिनं माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठला.

अडलं ते रेडिओच्या परवान्यावर. उपग्रह बोलणार म्हणजे परवाना हवा, आणि त्या अर्जाला आमच्या संस्थेचा ठराव जोडायचा होता. संस्थेत त्या वेळी विश्वस्तांचे दोन गट पडले होते. बैठक ठरायची आणि मोडायची. मी अध्यक्षांच्या घरासमोर मांडवात ठेवतात तसल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहायची. साहेब लग्नाला गेले, साहेब झोपले, साहेब मुंबईला. शेवटी ठराव झाला, परवान्याचा अर्ज गेला, पण कंपनीची मुदत जवळ आली होती.

कंपनीतल्या माणसानं फार नम्रपणे फोनवर सांगितलं. परवाना नसलेला उपग्रह आम्हाला नेता येणार नाही. मात्र रॉकेटमधल्या वजनाची वाटणी झाली आहे, ती बिघडवता येत नाही. तेव्हा तुमच्या जागी त्याच मापाचा, त्याच वजनाचा भरीव ठोकळा पाठवा.

मी प्रयोगशाळेत गेले. ती सर्किटला सोल्डरचे डाग देत बसली होती.

"म्हंजे आपल्या जागी लोखंडाचा ठोकळा?"

"ॲल्युमिनिअमचा."

ती हसली. मग तिनं डागणीचा प्लग काढला, हात धुतले, बॅग उचलली आणि बसला गेली. मी तिथल्या स्टुलावर बसून राहिले. मला रडूही आलं नाही. फक्त कुणी काही विचारू नये असं वाटत होतं.

ठोकळा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तयार झाला. तो पाहायला प्राचार्य आले आणि म्हणाले, "यावर अध्यक्षसाहेबांचं नाव कोरून घ्या. एवढं तरी करा."

मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, त्याच्यावर काहीच नका कोरू. आमचेही नावं नको. तो आपला नाही."

मी प्राचार्यांना सांगितलं की कंपनीला कोरीवकाम चालत नाही. कंपनीला मी विचारलंच नव्हतं. ठोकळा कोरा गेला.

मग उड्डाण लांबत गेलं. कधी हवामान, कधी कुठला तरी व्हॉल्व्ह. मुलं पास होऊन गेली. ती पुण्याला वॉशिंग मशीनची सर्किट बनवणाऱ्या कारखान्यात लागली. परवाना यथावकाश आला, ठोकळा रॉकेटवर चढल्यावर, आणि तोही त्या एकाच उड्डाणापुरता. एका सकाळी, दुसऱ्या वर्षाचा तास चालू असताना, उड्डाण होणार असल्याचा तिचाच मेसेज आला. मी फळा सोडून पडद्यावर ते लावलं. नवीन रॉकेट, पहिलंच उड्डाण. पडेल असं मला मनातून वाटत होतं. ते पडलं नाही. सरळ वर गेलं. वर्गानं बाकं बडवली.

"मॅडम, यात आपला कोणता?" मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं.

"शेवटच्या टप्प्याला बोल्टनं बसवलाय तो," मी म्हणाले, आणि सगळी हकिगत सांगितली. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

दुपारी मी तिला फोन केला. "पाह्यलं का?"

"हाव मॅडम. कॅन्टीनमध्ये पाह्यलं."

"वाईट वाटलं?"

"त्या दिवशी वाटलं होतं. आज नाही. रॉकेट लय मस्त गेलं."

महिनाभरानं त्याच कंपनीनं पुढच्या उड्डाणासाठी अर्ज मागवले. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. पण मागच्या बाकावरचा तो मुलगा आणि धामणगाव बढेची त्याच्या वर्गातली एक मुलगी रोज विचारायला येऊ लागली, तेव्हा कपाटातून डबा काढला. उघडला तर बॅटरी फुगलेली. मी पुण्याला फोन लावून सांगितलं.

"फुगणारच," ती म्हणाली. "तिले हात नका लावू देऊ त्याइले. मी दिवाळीत येते तं बदलून देते. आणि मॅडम, या खेपेस ठरावाचं आधी पाहा."

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी अध्यक्षांच्या घरी गेले. साहेब बाहेर गेले होते. मी खुर्ची सावलीत ओढून घेतली.