बी. ए. लोहारीण

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते साखळीची कडी तापवायचं. ती भात्याशी, मी भट्टीशी. मी म्हणालो, "ओढ." तिनं भाता ओढला. लग्न झाल्यापासून हेच करत आलो होतो, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण त्या दिवशी तिनं भात्याला हात लावायचा नव्हता. डॉक्टरांनी तसं बजावलं होतं, आणि तिला लावू देणार नाही असा शब्द मी मुलाला दिला होता. तरी मी म्हणालो, "ओढ." मी चौथी शिकलेला माणूस आहे. घरात लिहायचं काम तिचं होतं. आता मला लिहावं लागतंय, तर खरं ते आधीच लिहून टाकलं.

लोहाराच्या घरात बायको भाता ओढते यात नवल नाही. माझी आई ओढायची, चुलती ओढायची. पण आमची ही एका हातानं भाता ओढायची आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरायची. घरी अभ्यास करून तिला बी. ए. व्हायचं होतं. कराडजवळ आमचं गाव. कुऱ्हाडीला धार-पाणी करून घ्यायला आलेली माणसं आधी तिच्याकडे बघायची. "काय वहिनी, कलेक्टर व्हायचंय का?" ती मान वर न करता म्हणायची, "आधी तुमची कुऱ्हाड होऊ द्या, मग होते." गावानं तिचं नाव पाडलं, बी. ए. लोहारीण. टोमणाच होता. पास झाल्यावर तिनं तेच नाव खडूनं आमच्या दारावर लिहिलं आणि पावसानं पुसलं की पुन्हा लिहायची.

पास मात्र सहज झाली नाही. बाकी सगळे पेपर सुटले, एक अडला. मध्ययुगीन युरोप. त्यात दोनदा नापास. प्रश्न आला होता की तिकडच्या खेड्यात लोहाराला कामाचं काय मिळायचं. तिनं लिहिलं, सुगीला धान्य मिळायचं. तेवढ्यावर थांबायचं ना! पुढे दोन पानं आमच्या बलुत्याचं लिहिलं. कोण माप हलवून भरतो, कोण वर चांगली कणसं ठेवून खाली किडकी देतो, सगळं नावानिशी. शाळेतले मास्तर म्हणाले, "अहो बाई, प्रश्न युरोपचा होता." ही म्हणाली, "माणूस तोच आहे ना?" तिसऱ्या वेळी नावं गाळली आणि पास झाली.

तेवढ्या वर्षांत मलाही तो पेपर पाठ झाला. कारण ती मोठ्यानं वाचायची. तिकडे मालकाच्याच गिरणीत दळायचं, मालकाच्याच भट्टीत पाव भाजायचा. थंडीत गुरं आणि माणसं एकाच छपराखाली झोपायची, तेवढीच ऊब. देवळाची घंटा वाजली की उठायचं, वाजली की जेवायचं. लोखंड इतकं महाग की जुनं घर पाडलं तर खिळेसुद्धा वेचून घ्यायचे. गावातल्यांचे दातही लोहारच उपटायचा. हे ऐकून मी हातातल्या सांडशीकडे बघितलं. ती म्हणाली, "बघता काय? तुमच्या आईंचा दुखतोय केव्हापासून."

एकदा तिनं वाचलं की तिकडच्या शहरांत लोहार मेला तर त्याच्या बायकोला भट्टी पुढे चालवता यायची.

मी विचारलं, "आणि लोहाराची बायको मेली तर?"

तिनं पान उलटून बघितलं. "त्याचं पुस्तकात काही नाही," म्हणाली. "ओढू का? लोखंड निवतंय."

तिच्या कामाची एक रीत होती, ती सांगायलाच हवी. मी 'ओढ' म्हटलं की सुरू आणि 'बस' म्हटलं की बंद. मधे कधीही, कशासाठीही ती थांबली नाही. एकदा भात्याच्या दांड्याचं कुसळ हातात गेलं, रक्त आलं, तरी माझं 'बस' येईपर्यंत ओढत राहिली. मी चिडलो. म्हणालो, "सांगायचं नाही का?" म्हणाली, "लोखंडाकडे तुमचं लक्ष. मी मधे बोलले तर सांधा जाईल." मग जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तिनं दांड्याला गुंडाळली.

बाजारात तयार विळे-कोयते आले आणि आमची भट्टी विझली. संदीप, आमचा एकुलता एक, अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीला. त्यानं आम्हाला नेपरव्हिलला आणलं. घर मोठं, गालिचा मऊ. मला हातांचं काय करावं कळेना. एका उन्हाळ्यात त्यानं आम्हाला एक जत्रा दाखवायला नेलं. नेपरव्हिलपासून तासाभराच्या वाटेवर, मक्याच्या शेतांमधे, दर शनिवार-रविवारी लोक सात-आठशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं खेडं उभं करतात. तसे कपडे घालतात, तसं सूत काततात, तसा पाव भाजतात. ही दारातच उभी राहिली. म्हणाली, "अहो, हा माझा पेपर आहे."

तिथं बॉब नावाचा माणूस लोहार झाला होता. पोस्टातून निवृत्त झालेला, स्वभावानं सोन्यासारखा, पण लोखंडातलं ओ की ठो कळत नव्हतं. कांब भट्टीत घालून लोकांशी गप्पा मारत होता आणि कांबेतून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडत होत्या. मी मराठीतच ओरडलो, "जळलं, जळलं!" हिनं दोरीखालून वाकून आत जाऊन त्याला इंग्रजीत सांगितलं. माझं इंग्रजी शून्य, तिचं पुस्तकातलं. पण बॉबला कळलं. त्यानं हातोडा माझ्यापुढे धरला. तेव्हापासून मी तिथला लोहार झालो, बॉब भाता ओढायला लागला. म्हणजे ही त्याला ओढू देईल तेव्हा. पहिल्याच महिन्यात तिनं तिथल्या दांड्यालाही लुगड्याची पट्टी गुंडाळली.

लोक येऊन विचारायचे, तलवार करता का? ही भडकायची. मला मराठीत सांगायची आणि त्यांना इंग्रजीत. "तलवारीनं काय कांदा चिरायचाय? लोहार खिळे करायचा, फाळ करायचा, बिजागरी करायचा. राजे चार होते, बाकी सगळे आपल्यासारखेच." लोकांना ते आवडायचं. माणसं पुढल्या आठवड्यात पोरंबाळं घेऊन तिचं बोलणं ऐकायला परत यायची.

या वर्षी तिनं मनात घेतलं की चुलीवर भांडं टांगायची साखळी करायची. तिकडे नवं घर झालं की आधी चुलीवर साखळी टांगायचे आणि मगच लोकांना जेवायला बोलवायचे, असं तिनं वाचलं होतं. म्हणाली, "आपण इथं आलो, पण आपलं असं काही टांगलं नाही." कडी न् कडी भट्टीत सांधायची. सोपं काम नाही. कडीचं तोंड पिवळं-पांढरं होईपर्यंत तापवायचं, सांधा धरावा म्हणून वर टाकणखार टाकायचा आणि दोन-तीन ठोक्यांत जोडायचं. उशीर झाला तर जळतं, घाई झाली तर सुटतं.

उन्हाळ्याच्या शेवटी तिला धाप लागायला लागली. जिना चढताना मधे थांबायची आणि भिंतीवरचे फोटो बघतेय असं दाखवायची. संदीप तिला घेऊन गेला. हृदयाची एक झडप आखडली होती. तो घरी येऊन मला म्हणाला, "बाबा, मंगळवारी सर्जरी शेड्यूल केलीय. तोपर्यंत नो एक्झर्शन. जत्रा कॅन्सल."

ती म्हणाली, "रविवारी शेवटचा दिवस आहे. एक कडी राहिलीय."

"आई, प्लीज!"

"मी नुसती बोलेन. बोलायला झडप लागत नाही."

संदीप माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही शब्द द्या. भात्याला हात लावायचा नाही." मी शब्द दिला. त्यानं मान हलवली. त्याला वाटलं, बाबांनी दिला म्हणजे झालं.

रविवारी तो आम्हाला सोडून गेला, पाचला न्यायला येणार होता. दुपारपर्यंत सगळं नीट चाललं. ती ओंडक्यावर बसून बोलत होती. मग बॉबची कंबर धरली. वाकलेला सरळच होईना, त्याला गर्दीतल्या दोघांनी धरून समोरच्या सावलीत नेलं. कडी भट्टीत होती. समोर माणसं दाटून उभी होती. कोळसा आदल्या दिवशीच्या पावसानं ओला, ताव धरत नव्हता. ही उठली.

मी म्हणालो, "बस खाली."

"तापलीय अर्धी. वाया घालवता काय?"

"संदीपला काय सांगू?"

"काही सांगू नका."

तिचा हात पट्टीवर गेला. आणि माझ्या तोंडून निघालं, "ओढ."

ओल्या कोळशानं वेळ खाल्ला. कडी लाल झाली, नारिंगी झाली, पिवळी होईना. माझे डोळे कडीवर. एकदा बाजूला बघितलं तर तिचे ओठ जांभळट दिसले. मला वाटलं, धूर आहे. वाटलं, आत्ता होईल, आता दोन झटके. तेव्हा 'बस' म्हणायला हवं होतं. मी पुन्हा कडीकडे बघितलं. मी थांबवल्याशिवाय ती थांबणार नाही हे सबंध जगात फक्त मला माहीत होतं.

भात्याचा आवाज एकदम बंद झाला. तिनं दांडा सोडला होता, मी न सांगता, आयुष्यात पहिल्यांदा. ओंडक्यावर बसली आणि म्हणाली, "पाणी द्या." मी कडी भट्टीबाहेर टाकली आणि पाण्याला धावलो. पाणी प्यायल्यावर तिला बरं वाटलं. "झाली का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "नाही." ती हसली. "तिसऱ्या वेळी होईल," म्हणाली.

मी कोणाला बोलवलं नाही. पाचला संदीप आला तेव्हा ती नीट बोलत होती. घरी आल्यावर हाताची काजळी धुवायला सिंकपाशी उभी राहिली आणि तिथंच खाली बसली. अँब्युलन्स आली. अंधार पडायच्या आत डॉक्टर बाहेर येऊन उभे राहिले. त्यांचे हात रिकामे होते. कळायला मला इंग्रजी लागलं नाही.

संदीपनं भिंतीला टेकून विचारलं, "बाबा, आज तिनं काही केलं का?"

मी म्हणालो, "नाही. नुसती बोलली."

दुसऱ्या दिवशी सकाळी जत्रेतून फोन आला. मैदान मोकळं करताहेत, हत्यारं घेऊन जा. इथं माणूस गेलं तरी लगेच नेत नाहीत, काही दिवस थांबावं लागतं. त्या दिवसांत घरात करायला काही नसतं. संदीप म्हणाला, "तुम्ही बसा, मी आणतो." मला कळलं की तिथं बॉब असणार. बॉब याला मिठी मारणार आणि काल तुझ्या आईनं कसा भाता ओढला ते सांगणार. मी चपला घातल्या.

गाडी मक्याच्या शेतांपाशी आली तेव्हा मी म्हणालो, "गाडी थांबव." त्यानं थांबवली. मी म्हणालो, "तिनं भाता ओढला. मीच म्हणालो, ओढ. तिचे ओठ जांभळे पडलेले मी बघितले, तरी थांबवलं नाही. आणि तुझ्याशी खोटं बोललो."

त्याचे हात स्टिअरिंगवरच राहिले. त्यानं विचारलं, "किती वेळ?"

"एक कडी तापायला लागतो तेवढा. तीही तापली नाही."

तो बाहेर उतरला. रस्त्याच्या कडेला पाठमोरा उभा राहिला. मला वाटलं, आता हा मला इथंच उतरवील, आणि ते बरोबरच होईल. तो परत आला, त्यानं गाडी सुरू केली.

तिथं बॉब अजून आला नव्हता. भट्टी तशीच होती. साखळी ऐरणीवर, राहिलेली कडी मातीत. मी कोळसा पेटवला. का पेटवला, सांगता येणार नाही. भाता आणि सांडशी एका माणसाला धरता येत नाही. मी दोन्ही धरायला बघत होतो. संदीप उभा राहून बघत होता. लहानपणी त्यानं भात्याला कधी हात लावला नव्हता, तिनंच लावू दिला नव्हता. तो पुढे आला आणि त्यानं लुगड्याच्या पट्टीवर हात ठेवला.

"कधी ओढायचं?" तो म्हणाला. आवाज अजून रागाचाच होता.

"ते मग सांगतो. आधी ऐक. मी बस म्हटलं की सोडायचं. आणि मी म्हटलं नाही, तुला दम लागला, तरी सोडायचं. मला विचारायचं नाही."

तो ओढायला लागला. कडी लाल झाली. नारिंगीसुद्धा झाली नव्हती. सांधा धरायला अजून बराच वेळ होता. मी कडीकडे बघितलं नाही, त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याच्या कपाळावर पहिला घाम आला, तशी मी म्हणालो, "बस."