वर्ग आज हसला नाही

दुपारपासून कुणाला तरी सांगावंसं वाटतंय, म्हणून लिहितोय.

पोरगी हॉटेल मॅनेजमेंट शिकते. आज वर्गासमोर तोंडी परीक्षा होती. इंग्रजीत बोलायचं, पण पास्त्याची नावं इटालियन लोकांसारखी म्हणायची. काल रडकुंडीला आली होती. मी म्हटलं, "अगं, घरात तेलुगू बोलतो तसं बोल की. जोडाक्षरावर जोर दे, शेवटचा स्वर गिळू नको."

आम्ही सोलापूरचे तेलुगू विणकर. शाळेत माझ्या मराठीतला हाच जोर ऐकून अख्खा वर्ग हसायचा.

आज तिला सोडायला गेलो आणि दारापाशीच थांबलो. आतून आवाज आला, "पेन्ने. फेत्तुच्चीने. तालियातेल्ले."

मॅडमनी विचारलं, "इटालियनचा क्लास कुठं लावलास?"

"क्लास नाही मॅडम. आम्ही घरात तेलुगू बोलतो."

मॅडम म्हणाल्या, "पुन्हा म्हण. बाकीच्यांनी हिच्या मागून म्हणा."

अख्खा वर्ग माझ्या पोरीच्या मागून, आमच्या घरचा जोर देऊन, पेन्ने म्हणत होता. मी बाहेर उभ्या उभ्या डोळे पुसले.

तुमच्या बोलण्यातल्या कशाला लोक हसायचे? अजून तसंच बोलता ना?