कानाशी विचारणारा

आसगावात खाटा विणणाऱ्या त्या माणसाला मी लहानपणापासून पाहतो. तो स्वतः कधी खाटेवर बसत नाही. मरणाला टेकलेल्याला खाटेवरून भुईवर घ्यायचं कामही त्याचंच. एकदा भुईवर घेतलं की आमच्याकडे औषधपाणी थांबवतात.

आत्याचं कण्हणं ऐकवेना, तेव्हा बाबांनी त्याला बोलावलं.

"सोडव गा तिले."

तो तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. मग आपला कान तिच्या ओठांशी धरून बराच वेळ थांबला.

"नाही म्हनते," तो उठत म्हणाला.

"काय बोलून राहिला गा? आठ दिवसांपासून तिची वाचा गेली!"

"तुह्यासंग नाही बोलत ते."

आत्या आणखी बारा दिवस कण्हत होती.

पुढे भंडाऱ्याला कॉलेजात इच्छामरणाच्या कायद्यावर वादविवाद झाला. मी अनुकूल बाजूने नाव दिलं होतं. उभा राहिलो, पण एवढंच म्हणालो, "विचारायचं कोणी?" आणि खाली बसलो.

सुट्टीत तो भेटतो. "बरा आहेस ना बाबू?" विचारतो आणि कान माझ्या तोंडाशी आणतो. मी घाईघाईने, मोठ्याने 'हो' म्हणतो.

तरी तो कान काढत नाही.