पोलादपूरच्या डोंगरावरचा उजवा कौल

समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखक शनिवारी सकाळच्या एस.टी.ने पोलादपूर मुक्कामी प्रस्थान ठेवीत असून रविवार संध्याकाळपर्यंत तो ठाण्यात उपलब्ध असणार नाही. देशाने तेवढे दोन दिवस आपापले सांभाळून घ्यावे.

ही घोषणा मी शुक्रवारी पानावर बसून केली. देशातर्फे बायकोने उत्तर दिले, "छत्री न्या. आणि परत आणा."

छत्री मी नेली. ती महाडच्या एका हॉटेलात राहिली, त्याला मी जबाबदार नाही; तिथली मिसळ जबाबदार आहे. मिसळ खाल्ल्यावर माणसाला कान, नाक आणि जीभ एवढेच अवयव आठवतात. पोलादपूरच्या गाडीला तासभर होता, म्हणून चवदार तळ्यापर्यंत चालत गेलो. मार्चमध्ये जिथे मुंगीला वाट मिळत नाही, तिथे जूनच्या त्या दुपारी एक म्हातारा पायरीवर बसून पेरू खात होता. मी विचारले, "पाणी गोड आहे का हो?" तो म्हणाला, "पिऊन बघा. आता कोण अडवतंय?" आणि पेरूची फोड पुढे केली. मी फोड घेतली आणि गाडीकडे धावलो.

नव्वदचे दशक सरत आले होते. आमच्या ऑफिसात वीस वर्षे पहारा केलेला धोंडीराम कंपनी बंद झाल्यावर गावी परतला होता. त्याचे पत्र आले होते: पोरगी दहावीला शाळेत पहिली आली, साहेबांनी येऊन आशीर्वाद द्यावा आणि कोंबडा खावा. आशीर्वाद देण्यात मी कंजूष नाही आणि कोंबड्याच्या बाबतीत तर मुळीच नाही.

पोलादपूरहून जीपने आंबेनळी घाटाच्या रस्त्याला थोडे आत जायचे, मग पायवाट. वाटेच्या तोंडाशी धोंडीराम उभा होता आणि त्याच्यामागे त्याची वनिता. मी 'नको नको' म्हणेपर्यंत तिने माझी बॅग डोक्यावर घेतलीसुद्धा.

"अरे, पोरीच्या डोक्यावर कशाला?"

"राहू द्या साहेब," धोंडीराम म्हणाला, "सवय हाय तिला." आणि तो दोन्ही हात मोकळे हलवत पुढे निघाला.

तासाभराची चढण. दोन्ही बाजूंना तरवा (लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपे) हिरवागार उभा, वर ढगात बुडालेला डोंगर आणि पायाखाली साबणासारखी माती. तिसऱ्या वळणावर मी बैठक मारली. बसायचा विचार नव्हता, मातीचा होता. समोर चरणाऱ्या दोन म्हशींनी माना वर करून पाहिले आणि माझ्यात काही विशेष नाही असे ठरवून पुन्हा खाली घातल्या. वनिता मात्र पोट धरून हसली. बॅग डोक्यावरून हलली नाही.

धोंडीराम पुढे गेलेला. पोरगी बोलायला लागली आणि मी तुम्हाला सांगतो, आमच्या ठाण्यात व्याख्यानमाला भरते, तिथे इतके थेट बोलणारा वक्ता मी ऐकलेला नाही.

"काका, दादा धाव्वीला दोनदा बसला. तिसऱ्यांदा बाबांनी क्लास लावला. धाकला दादा एकदाच बसला, मग उठलाच नाय. आता दोघं मुंबईला घाटकोपरला खोलीवर असतात. खाणावळीचं जेवण पचत नाय म्हणतात. मी एका फटक्यात पास झाले, तर मला बक्षीस काय? जा, त्यांच्या भाकऱ्या थाप."

"आणि तुला काय करायचंय?"

"महाडला अकरावी. सायन्स. रोहिणी चाललीय ना, माझी मैत्रीण, बौद्धवाडीतली. आम्ही दोघी एका खोलीत राहणार. तिच्या बाबांनी खोली बघितली पण. सोमवारी फॉर्म भरायचा शेवटचा दिवस हाय."

"मग अडलंय कुठं?"

"चार माणसांत. बाबा म्हणतात, चार माणसं बोलतील, बौद्धवाडीच्या पोरीबरोबर राहते म्हणून. ती चार माणसं कोण, ते सांगत नायत. मी गावभर हुडकली, मला एक पण गावला नाय. शेवटाला बाबाच गावले."

संगीतावरही मत तयार होते. गणपतीत दादा मुंबईहून टेप आणतो आणि गाणी इतकी मोठ्याने लावतो की मूर्तीच्या कानाला हात जायचे बाकी राहतात. तिला स्वतःला ढोलकी येते. गोठ्यात पालथ्या हंड्यावर शिकली. भजनात बसू देत नाहीत, कारण बाईने ढोलकी मांडीवर घेऊन बसणे बरे दिसत नाही. "अख्खी बादली मांडीवर घेऊन भांडी घासलेली चालतात," ती म्हणाली.

"देवाला मानतेस का?" मी खोडी काढली.

तिने क्षणभर विचार केला. "देवी हाय का नाय, मला म्हायती नाय. पण असली, तरी तिला अकरावीतलं काय कळतंय? उद्या सकाळी बाबा कौल लावणार हायत. म्हणून तुम्हाला बोलावलंय, साक्षीला. रोहिणीचे बाबा रोहिणीला विचारतात. आमचे बाबा देवीला विचारतात."

मग ती थांबली. बॅग खाली ठेवली. पहिल्यांदाच तिचा आवाज लहान झाला.

"काका, तुम्ही नुसतं एकदा म्हणा, धोंडीराम, पोरीला शिकव. कौल नको, काय नको. बाबा तुमचं ऐकतात. साहेब बोलले म्हणजे झालं."

"बघतो," मी म्हणालो. जगातला सगळ्यात स्वस्त शब्द.

घरी वनिताच्या आईने कोंबडीचा रस्सा आणि नाचणीची भाकरी वाढली. बाई एक शब्द बोलत नव्हती. भाकरी मात्र बोलत होती. पहिल्या घासाला मी ठरवले, जेवण झाल्यावर विषय काढू. तिसऱ्या भाकरीला ठरवले, आता हा माणूस इतक्या प्रेमाने खाऊ घालतोय, याला त्याच्याच पडवीत उपदेश करणे शोभत नाही. हात धुताना मला याहून फार गमतीदार कल्पना सुचली.

संध्याकाळी फिरायला म्हणून मी गुरवाच्या घरी गेलो. गुरव सत्तरीचा, मिशा पांढऱ्या, डोळे नाटकातल्या नटाचे. दोन कलावंतांना ओळख करून द्यावी लागत नाही. मी विडीचे बंडल पुढे केले आणि कौल कसा लावतात ते विचारले.

"सोपं हाय. आधी देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या दोन कळ्या पाण्यानं चिकटवायच्या. मग यजमान गाऱ्हाणं घालतो, असं असंल तर उजवी दे, तसं असंल तर डावी. जी आधी पडंल तो देवीचा शब्द."

"आणि समजा, एका कळीला पाणी जरा कमी लागलं?"

त्याने विडी पेटवली, धूर सोडला. "तर ती आधी पडंल. पण देवीची इच्छा असल्याबगर पाणी कमी कसं लागंल?"

"उद्या धोंडीरामाला उजवा मिळाला तर बरं होईल."

"पोरीचं ना? उजवा," गुरव म्हणाला आणि डोळा मिचकावला.

परत येताना मी शीळ घालत होतो. कुणाला दुखवायचे नाही, कुणाशी वाद नाही, पोरगी कॉलेजात आणि मला आयुष्यभर सांगायला एक किस्सा! वनिता विहिरीवरून हंडा घेऊन येत होती. तिने विचारले, "बोललात?" मी म्हणालो, "काळजीच करू नकोस. उद्या बघ गंमत."

तिला गंमत नको होती. ते तिच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते. मी वाचले नाही.

रविवारी सकाळी देवळात आम्ही सात-आठजण होतो. सहाणेवर (पालखी टेकवण्याच्या चौथऱ्यावर) दोन म्हातारे, आत गुरव, धोंडीराम, मी. बायका दाराबाहेर. वनिता आईच्या मागे उभी. गुरवाने कळ्या चिकटवल्या. डावीला भरपूर पाणी, उजवीला नुसता ओलावा. कौशल्य काय वर्णावे! मी मनात टाळी दिली. देवीचे चांदीचे डोळे सरळ माझ्याकडे बघत होते, पण चांदीच्या डोळ्यांची तीच रीत असते.

धोंडीराम पुढे झाला. हात जोडले.

"आई, पोरगी गुणाची हाय. मला काय उमगत नाय. तिला भावांकडं मुंबईला धाडायची असंल, तर उजवी दे. महाडला शाळंत घालायची असंल, तर डावी दे."

महाराज, माझ्या अंगातले रक्त उतरून चपलांत गेले. चपला तर बाहेर होत्या. गाऱ्हाणे काय घालणार, ते मी त्याला विचारलेच नव्हते! वीस वर्षांत मी धोंडीरामाला काही विचारले असेल तर 'चहा आला का' एवढेच.

मी गुरवाकडे पाहिले. गुरवाने माझ्याकडे पाहून समाधानाने मान हलवली. यजमानाने काय मागितले याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते. साहेबांनी उजवा सांगितला होता.

उजवी कळी पडली. आवाज झाला नाही. फुलाच्या कळीचा कसला आवाज होणार?

तेव्हा बोलायचे होते. एक वाक्य पुरले असते. मी तोंड उघडलेही. पण खरे सांगायचे तर गुरवाची अब्रू जाणार, माझी जाणार, देवीला फसवणारा साहेब म्हणून अख्खी वाडी मला डोंगरावरून खाली लोटणार. मी खाकरलो. धोंडीरामाने माझे दोन्ही हात धरले. त्याच्या डोळ्यांत पाणी होते.

"बरं झालं साहेब, तुमच्यासमोर झालं. महिनाभर जिवाला घोर होता. आता देवीनंच सांगितलं, माझ्या डोक्यावरचं ओझं गेलं."

ओझे कुणाच्या डोक्यावर गेले, ते दाराबाहेर दिसत होते. वनिता रडली नाही. तिने फक्त पदराआडच्या आईकडे पाहिले. आई त्या दोन दिवसांत माझ्या कानांदेखत पहिल्यांदा बोलली, "चल गो वने, कापडं भरू."

आणि मग धोंडीरामाला कल्पना सुचली. कल्पना सुचण्याचा रोग मी सोबत आणला होता, तो त्यालाही लागला. "साहेब, तुम्ही जाताच हाव, तर हिला बरोबरच न्या की. पोरगा ठाण्याला येऊन घिऊन जाईल."

दुपारच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. तिच्या मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात दोन ड्रेस, दादांसाठी सुकट आणि तळाशी गुणपत्रिका. गाडी महाडच्या स्थानकात दहा मिनिटे थांबली. कंडक्टर ओरडला, "महाडवाले उतरा!" वनिता उभी राहिली. तशीच थोडा वेळ उभी राहिली. मग बसली. मी तिला भजी घेऊ का विचारले. त्या क्षणी याहून मूर्ख प्रश्न महाराष्ट्रात कुणी विचारला नसेल.

माणगाव गेले. तिने एकच विचारले, "काका, तुम्ही बाबांशी बोलला होतात ना?"

खोटे बोलायची माझी हातोटी चांगली आहे. पण ती पिशवी माझ्या गुडघ्याला टेकली होती. मी सगळे सांगितले. गुरव, विडी, कमी पाणी, उजवी कळी. शेवटी असेही म्हणालो की माझा हेतू चांगला होता.

ठाण्याला परतल्यावर हा प्रवास मी किती बैठकांत सांगितला असेल, मोजदाद नाही. गुरवाचा डोळा मिचकावून दाखवतो, म्हशींच्या माना वर करतो, "सोपं हाय" त्याच्याच घोगऱ्या आवाजात म्हणतो. लोक हसून लोळतात. मला हसवता येते, आणि हसणाऱ्या माणसांत कुणी आपल्याला जाब विचारत नाही, हे मी लहानपणीच शिकलो. महाडला खोली घेऊन एकटी राहिलेली रोहिणी कोण, हे त्या बैठकांत कुणाला ठाऊक नसते. घाटकोपरला दोन भावांच्या भाकऱ्या थापणारी पोरगी ढोलकी वाजवते की नाही, हे मलाही ठाऊक नाही. मी एकदाही तिकडे गेलेलो नाही, आणि घाटकोपर ठाण्याहून अर्ध्या तासावर आहे. किस्सा मी नेहमी कळी पडते तिथेच संपवतो. माणगावच्या पुढे नेत नाही.

माणगावच्या पुढे असे झाले. वनिताने माझे सगळे बोलणे शेवटपर्यंत ऐकले. पुढच्या बाकावरची एक बाई लसूण सोलत होती, तिचाही हात थांबला होता. मग पोरगी ताडकन उठली आणि कंडक्टर, ड्रायव्हर, अख्खी गाडी वळून बघेल एवढ्या मोठ्याने ओरडली:

"म्हणजे मला देवीनं नाय, तुम्ही धाडलंत!"