गुणवंतांचा फलक

परवा दाखल्याची नक्कल आणायला आमच्या जुन्या सरकारी हायस्कुलात गेले. ऑफिससमोरच्या गटारावर एक लांब फळी टाकली होती. तिच्यावर पाय ठेवला आणि कडेची नक्षी ओळखीची वाटली. हा तर हॉलमधला गुणवंतांचा फलक! दहावीचा निकाल लागला की चित्रकलेचे सर त्यावर पहिल्या आलेल्याचं नाव पांढऱ्या रंगात लिहायचे, आणि रंग वाळेपर्यंत आम्ही माना वर करून बघत उभे असायचो.

"हॉलचं छप्पर पडलं, ताई," शिपाईमामा म्हणाले. "पोरंही एका वर्गात मावतील एवढीच उरलीत. पण नावं मी खालच्या अंगाला केलीत हं. अक्षराला पाय लागू नये."

मामांनी त्यांच्या परीनं जपलं होतं, आणि नावं घाणीच्या ओलीनं कुजत होती. त्यांतलं कुणी विचारपूस करायला आलं नव्हतं. मी तरी कुठे आले होते? मला कागद हवा होता.

कागद मिळाला. निघताना चपला काढून हातात घेतल्या. गटार ओलांडायला दुसरी फळी नव्हती.