नवरदेव नव्हे, गुप्तरोगवाला

आमच्या वाडीतला पहिला बी. एस्सी. मी. नोकरी लागली तेव्हा आईनं पेढे वाटले, पण नोकरी कसली ते तिला कधी धड सांगता आलं नाही. साताऱ्याच्या दवाखान्यात गुप्तरोगाचा पेशंट आला की त्याचा कुणाकुणाशी संबंध आला ते काढून घ्यायचं आणि त्या माणसांना गाठून सुई घ्यायला लावायची, हे माझं काम. अट एकच, शेजाऱ्याला वास लागता कामा नये.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता तेव्हाची गोष्ट. सुट्टीवर आलेला एक फौजी आमच्याकडं सुई घेऊन पलटणीत परत गेला. जाताना म्हणाला, "सायेब, मंडळी गरवार हाय. मला सांगाय त्वांड न्हाई. तुमीच सांगा."

आईची गरमी, म्हणजे सिफिलिस, पोटातल्या लेकराला लागते. त्या बाईला लवकर सुई मिळायलाच हवी होती, आणि तीही सासूला न कळता.

वडूजजवळच्या त्यांच्या गावात एसटीतून उतरलो. इस्त्रीची पँट, खिशाला पेन. चहाच्या टपरीवर हळूच विचारलं, फौजीचं घर कुठलं, घरात कोण कोण असतं, माणसं कशी आहेत. अनोळखी शिकलेला पोरगा एखाद्या घराची अशी चौकशी करायला लागला, तर आमच्या मुलखात त्याचा एकच अर्थ होतो. तो माझ्या बी. एस्सी. डोक्यात शिरला नाही. टपरीवाला म्हणाला, "व्हय व्हय, पोरगी लय गुणाची हाय," आणि माझ्या आधी त्या घराकडं पळाला.

मी पोचलो तोवर घोंगडी अंथरलेली. फौजीची आई डोईवर पदर घेऊन दारात उभी. तिनं गाव विचारलं, आडनाव विचारलं. सोयरीक बसत होती. खरं सांगावं तर फौजीची अब्रू चावडीवर, आणि दुसरं कारण काही सुचेना. बसलो.

पोहे आले. मागोमाग फौजीची बहीण येऊन पाटावर बसली.

"इचारा की पावणं, काय इचारायचं त्ये," म्हातारी म्हणाली.

माझ्या तोंडातून सवयीचा प्रश्न निसटला, "अंगावर पुरळबिरळ?"

पोरीनं डोळे वटारले आणि तोंड वाकडं करून आत गेली. म्हातारी मात्र खूश. "चौकस हाय पोरगा! आमचं मालक बी बैल घेताना आसंच बघायचं."

मागच्या दारी हात धुवायला पाणी घालायला आली ती फौजीची बायको. पोट चांगलंच दिसत होतं. मी हलक्या आवाजात सगळं भराभरा सांगून टाकलं. अख्खा तांब्या माझ्या इस्त्रीच्या पँटवर ओतला गेला.

"म्हंजी तुमी पोरगी बघाय न्हाई आला?"

"न्हाई."

"मग दोन बश्या पोहं कशाला हाणलं?"

तिनं रिकामा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "लेकराला काय हुनार न्हाई न्हवं?"

"आता सुई घेतलीत तर त्याला जपता येईल."

"घेती. आन् त्यास्नी येऊ दे सुट्टीवर, मग मी देती सुई." डोळे पुसून ती पुढं म्हणाली, "पोट दाखवाय म्हनून बाजारादिवशी वडूजच्या दवाखान्यात येती. सासू संगं आसनार. तिला तुमी गुतवा."

तिथल्या डॉक्टरांना मी सांगून ठेवलं होतं. सुई दिल्यावर पेशंटला काही त्रास होत नाही ना, हे बघायला अर्धा तास बसवून ठेवावं लागायचं. सून आत, सासू बाहेर बाकावर, शेजारी मी.

"पावणं, पान्याखालची जमीन किती?"

"कोरडवाहू हाय."

"हीर?"

"हाय. पानी न्हाई."

"मग हाय काय?"

"बी. एस्सी.," मी छाती काढून म्हणालो.

"त्ये खात्यात का?" आणि एकदम म्हातारी उठली. "ही आत येवढा येळ काय करती, बघू."

मी घाईघाईनं म्हणालो, "मावशी, मला तंबाखूची सवय हाय."

ती खाली बसली. स्थळाचा दोष निघाला की कुठली आई उठते? मग मी थांबलोच नाही. घोरतो, पत्ते खेळतो, चिडका हाय, आईशी पटत न्हाई. निम्मं खोटं होतं. ती गालाला हात लावून ऐकत राहिली.

सून बाहेर आली, ठणठणीत. माझ्याकडं बघून तिनं हळूच मान हलवली. म्हातारीनं तिचा हात धरला आणि मला म्हणाली, "पावणं, राग धरू नगा. आमची पोरगी तुमच्यात द्यायची न्हाई. कुनीबी दिनार न्हाई."

मी हात जोडले. काम फत्ते झालं होतं. पण राग आलाच. अहो, बी. एस्सी. होतो मी!